दोघांची एक पेटी

मंडळी, दुपारी कडावला ऐकलेलं अजून कानातून उतरत नाही, म्हणून लगेच लिहितो.

आमचा आंतोन मुंबईच्या हॉटेलात जाझचा पियानो वाजवतो. लढाईत त्याने गोऱ्या शिपायांना नाचवलं. आज म्हटलं, जरा देवाला नाचव. सोबत त्याच्याच बँडमधला मिंगेल, ट्रंपेटवाला. याच्या फुंकीपुढे आपला पियानो कुणाला ऐकूच जात नाही, ही आंतोनची जुनी तक्रार.

कडाव आणि कोंडाणे या गावांची भजनाची बारी, म्हणजे सामना होता, आणि नेमका कडावचा पेटीवाला तापाने आडवा. बारी सोडायची वेळ आली, तेव्हा मी आंतोनला पुढे ढकललं.

त्याने सवयीने दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. बोटं सुसाट धावली, आवाज मात्र शून्य!

"आवो पाव्हणं, भाता कोन मारनार?" कडावचे गणूबुवा ओरडले. कोंडाणेकर हसून लोळले.

मिंगेल उठला, पेटीपलीकडे मांडी घालून बसला आणि भाता धरला. "वाऱ्याचं काम माझं!"

मग काय विचारता! दोन्ही हातांचे सूर अंगणभर फिरले. गणूबुवा असे रंगले की कोंडाणेकरांनीही टाळ उचलले.

"एका पेटीला दोन मान्सं? ह्ये चालायचं नाय रं!" कोंडाण्याचे बुवा कुरकुरले, तेही तालात.

मानाचा नारळ आंतोनला मिळाला. त्याने तो मिंगेलच्या मांडीवर ठेवला. "बाबा, आज तुझ्यामुळे मी ऐकू आलो."

प्राण थोर की वाणी थोर, हा शास्त्रातला जुना वाद; इथे भात्याचा वारा प्राण, बोटांचे सूर वाणी. तर सांगा, नारळ कुणाचा? लवकर कळवा, दोघे अजून तो एकमेकांकडे सरकवताहेत आणि घरात चटणी अडली आहे.