आधी एका मुलाला उठवा

“मैथ्स चाहिए? चल, ये करके दिखा.” सरांनी खडू माझ्या हातात कोंबला.

बुऱ्हानपूरजवळच्या शाहपूरची हिंदी शाळा, अकरावीचा पहिला दिवस. मला कंप्यूटर शिकायचं होतं, त्याला गणित लागतं, म्हणून गणिताच्या वर्गात जाऊन बसले. मुलींमधून मी एकटीच. फळ्यावर सरांनी एक लांबट वाकडी खूण काढलेली. बापजन्मात पाहिली नव्हती. हात तसाच वर राहिला. मागून पोरं फिदीफिदी हसली.

“इतना नहीं आता, और कंप्यूटर करेगी! होम साइंस में जा.”

बाबा दारात उभे. शर्टावर केळीच्या चिकाचे डाग, हात जोडलेले. म्हणाले, “सर म्हणतात ते बराबर आहे, बेटा.” मला बाबांचाच राग आला. मग स्वतःचा. माझ्याच डोक्यात भुसा भरलाय, असं मी किती वर्षं धरून चालले.

बारावीला गणित नाही, म्हणून कॉलेजात कंप्यूटर नाही. आता बुऱ्हानपुरात एका कंप्यूटर क्लासच्या काउंटरवर बसते. आत पोरं प्रोग्राम लिहितात. मी बाहेर बॅचचा टाइम सांगते.

एकदा त्या वर्गातला एक जण आला. इंजिनीयर झालाय. जुनी गोष्ट काढून हसला, “अरे, वो तो इंटीग्रेशन था, बारहवीं का सवाल! हमको भी कहाँ आता था!”

म्हणजे त्यांनाही येत नव्हतं. पण त्यांच्यातल्या एकालाही उठवलं नाही. खडू फक्त माझ्या हातात. पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि माठापाशी रडले. गेलेली वर्षं मागायची तरी कोणाकडे?

यंदा धाकटी बहीण अकरावीत. तिलाही गणित हवं. मी सोबत गेले. तेच सर, तोच खडू, फळ्यावर तीच खूण. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी दारातून आत गेले.

“सर, पहले किसी लड़के को उठाइए.”

“तुम कौन?”

“जिसको आपने होम साइंस में भेजा था.”

“बाहर निकलो दोनों!”

निघालो. काय करणार? मोठ्या सरांकडे, म्हणजे प्रिन्सिपलकडे गेलो, ते म्हणतात, बघू. बाबा म्हणतात, जाऊ दे. माझ्या मागे कोणी नाही.

पण उद्या सकाळी आम्ही दोघी त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसणार. उठवायचं असेल, तर हाताला धरून उठवा.