हिरव्या डब्यातलं गिअर

आलापल्लीत बाबुलाल नागापुरेचं घर विचारलं तर लोक आधी विचारतात, "जीपवाला का?" घराणं तसं ढिवरांचं, जाळ्यावर जगलेलं. पण बाबुलालच्या बापाने लाकडाच्या एका ठेकेदाराकडे ड्रायव्हरकी धरली. ठेकेदार धंदा गुंडाळून निघाला तेव्हा मिलिटरीच्या लिलावातून आणलेली एक जुनी जीप बापाच्या दारात सोडून गेला. पुढे बाप गेला, जीप राहिली.

उन्हाळ्यात ती निंबाखाली उभीच असते. पावसाळा लागला की मात्र तिच्याशिवाय चालत नाही. जंगलात आत असलेल्या गावांच्या वाटेवरचे नाले भरतात, दुसरी गाडी काठावरच थांबते, आणि बाबुलालची जीप चारही चाकांनी चिखल ओरबाडत पलीकडे निघते. कोणी तापाने फणफणलेला असो की कोणी बाळंतपणाला अडलेली, निरोप बाबुलालकडेच येतो.

यंदा वैशाखात पुढच्या चाकांनी जोर घेणं सोडलं. बाबुलालने गिअरची पेटी खोलली तर आतल्या एका गिअरचे दाते साफ उडालेले. ते गिअर आता कोणत्याच दुकानात मिळत नाही. त्याला रात्री झोप लागेना. पाऊस महिन्यावर आला होता.

चंद्रपूरला वर्षातून एकदा एका मैदानावर जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मेळा भरतो. पुढे रंगवून चमकवलेल्या जीपा, मिलिटरीचे ट्रक, त्यांच्यासोबत फोटो काढणारे लोक. मागच्या बाजूला ताडपत्र्यांवर खरा बाजार. एक्सेल, दिवे, मीटर, बिल्ले, पाण्याच्या बाटल्या, लोखंडाचे ढीगच ढीग. बाबुलाल बायकोला घेऊन सकाळीच तिथं पोचला. एकटा गेला की तो नको ते घेऊन येतो, असं वच्छलाचं म्हणणं होतं.

उडालेलं गिअर त्याने पिशवीत आणलं होतं. प्रत्येक ताडपत्रीपुढे तो उकिडवा बसे, ढिगातलं एखादं गिअर उचलून आपल्या गिअरशी लावून बघे आणि परत ठेवी. कुठं छिद्र मोठं, कुठं दाते कमी. नागपूरचा एक गॉगलवाला शौकीनही त्याच जीपचे भाग गोळा करत फिरत होता, आणि त्याच्या माणसाच्या हातातली पोती फुगत चालली होती. आपलं गिअर त्या पोत्यांत तर गेलं नसेल, या धास्तीने बाबुलाल भराभर पुढच्या ताडपत्रीकडे सरकू लागला.

"काहो, जेवून तर घ्या," वच्छला म्हणाली.

"तू जेव. मले घास उतरत नाई."

मैदानाच्या पार टोकाला छत्री धरून एक म्हातारी बसली होती. केसरबाई तिचं नाव. तिचे मालक मिलिटरीत मेकॅनिक होते, मागल्या साली वारले. घरातली खोली रिकामी करायची म्हणून ती सगळं घेऊन आली होती. तिच्यापुढच्या हिरव्या पत्र्याच्या डब्यात, ऑइलने माखलेल्या कापडात, ते गिअर होतं. बाबुलालने जुनं त्याला लावून पाहिलं. दात्याला दाता बसला. भाव करायचंही भान न राहून त्याने सांगितले तेवढे पैसे काढून दिले.

"डब्यासकट ने बापा," केसरबाई म्हणाली. "त्यात अजून बारीकसारीक सामान आहे. मले काय कराचं आहे ते? आन् घरी अजून पडलं आहे, लागलं तर फोन कर." तिने नंबर सांगितला, बाबुलालने मोबाइलमध्ये घालून घेतला.

परतताना पिंटूची ट्रॅक्स मिळाली. पिंटू आलापल्लीचाच, गाडीत निम्मे लोक ओळखीचे. डबा वच्छलाच्या मांडीवर होता. गोंडपिपरी मागे पडलं. गिअर आत खडखडत होतं म्हणून बुडाशी फडकं कोंबायला तिने झाकण उघडलं आणि सामानाखाली हात घातला. हात तिथंच ठेवून तिने बाबुलालला कोपराने ढोसलं.

ग्रीसने माखलेल्या चिंधीत तीन काडतुसं होती. बोटाएवढी, पितळेची, टोकदार.

बाबुलालने झाकण लावून टाकलं. त्याच्या कानात गाडीचा आवाज येईनासा झाला. नदी ओलांडली की पोलिसांचा नाका. गडचिरोलीत शिरणारी गाडी तिथं तपासतात, आणि हा तर मिलिटरीचा हिरवा डबा. आत काडतुसं. कोणाला काय सांगणार?

"पुलावरून फेकून द्या," वच्छला त्याच्या कानाशी पुटपुटली. "मी ओकारीचं सोंग करतो, पिंटू गाडी थांबवते."

पूल आला. खाली पाण्यात डोंगे दिसत होते, जाळी लागलेली होती. बाबुलाल त्या जाळ्यांकडे बघत राहिला. आपल्याच लोकांच्या जाळ्यात हे आलं, कोण्या पोराने दगडावर ठेचून पाहिलं तर? आणि फेकताना गाडीतल्या कोणी बघितलं तर? पूल सरला तरी त्याचा हात झाकणावरच होता.

"फेकलं काऊन नाई?" वच्छलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"जमलं नाई वो मले."

नाक्याचं आडवं लाकूड दिसायला लागलं तसा तो पिंटूला म्हणाला, "थोडी अलीकडेच थांबव." डबा सीटवर ठेवला, वच्छलाला हलू नको म्हणून सांगितलं आणि खाली उतरला. रिकामे हात दोन्ही बाजूंना पसरून तो चालू लागला. वाळूच्या पोत्यांमागच्या शिपायाने बंदूक वळवली.

"तिथंच थांब. काय आहे?"

"साहेब, गाडीत माह्या सामानात काडतुसं निघाली. माही नाईत. तुमीच येऊन बघा." आपला आवाज दुसऱ्याच कोणाचा असावा असा त्याला वाटला.

पुढचं भराभर झालं. सगळ्यांना उतरवलं, एकेकाची झडती झाली, डबा दूर उघड्यावर नेऊन ठेवला. पिंटूची गाडी सोडली, नवराबायकोला थांबवलं. जाताना गाडीतले लोक मागे वळून वळून बघत होते.

तंबूत खुर्चीवर एक तरुण अधिकारी होता. त्याने शांतपणे सगळं विचारलं. कोणाकडून घेतलं? कशाला? जीप कोणासाठी चालवतो? बाबुलालने केसरबाईला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाहेरून सूरजागडच्या लोहखाणीचे, लाल धुळीने माखलेले ट्रक एकामागे एक जात होते आणि प्रत्येक ट्रकमधून कोणीतरी आपल्यालाच बघतंय असं त्याला वाटत होतं. काडतुसांची भीती एकीकडे. नाक्यावर कोण किती वेळ बसला हे या भागात लोक लक्षात ठेवतात, आणि ते फिरत फिरत जंगलातल्या कोणाच्या कानावर जाईल याचा नेम नसतो, ही भीती दुसरीकडे.

शेवटी केसरबाईने फोन उचलला. अधिकाऱ्याने स्पीकर लावला.

"अगा बाई, ते त्यात राहून गेलं का?" ती घाबरून म्हणाली. "साहेब, ते माह्या मालकाचं आहे. मिलिटरीतल्या नव्या पोरांले शिकवाचे खोटे राउंड होते ते. त्या माणसाले सोडा जी. म्हणाल तर मी येतो तिकडं."

अधिकाऱ्याने हत्यारं सांभाळणाऱ्या हवालदाराला बोलावलं. त्याने काडतूस पुसलं, नीट न्याहाळलं. ग्रीस निघालं तसं पितळेत पाडलेलं भोक दिसलं. त्याने त्यातून काडी आरपार घातली.

"कवायतीचे आहेत साहेब. आत दारू नाही."

अधिकारी म्हणाला, "गिअर घेऊन जा. डबा आणि ही काडतुसं इथे राहतील. स्वतःहून सांगितलंत ते बरं केलंत. झडतीत सापडली असती तर गोष्ट वेगळी होती."

दिवेलागणीला ते दोघं एका टेम्पोतून घरी पोचले. गावात बातमी आधीच आली होती. बाबुलालला काडतुसांसकट धरलं म्हणे. कोणी म्हणालं, सुटला कसा मग? एवढा वेळ आत पोलिसांना काय खबर देत होता? दुसऱ्या दिवशी बाबुलालने गिअर बसवलं, जीप चालवून पाहिली, पण त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. चहाच्या टपरीवर तो गेला की बोलणं थांबे. आतल्या गावांतून निरोप येणंही बंद झालं.

वच्छला आठवडी बाजारात सुकट घेऊन बसते. त्या बाजाराच्या दिवशी तिने कोणी विचारायची वाट बघितली नाही. सुकट तोलता तोलता प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने सगळं सांगितलं: म्हातारी, डबा, पूल, भोकातून घातलेली काडी. ओकारीचं सोंग करणार होती तेही सांगितलं. बाया हसल्या. बाजार उठेपर्यंत तीच गोष्ट इतक्यांदा सांगून झाली की तिच्यात चघळण्यासारखं काही उरलं नाही.

तरी बाबुलाल धास्तावलेलाच होता. पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले, कोणी आलं नाही. आपल्या जीपमध्ये आता कोणी बसणार नाही, असं तो धरून चालला होता. मग एका सकाळी आतल्या गावचा सुकलू डोक्यावर घोंगडी घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलात माखून, दारात उभा राहिला.

"चाल न भाऊ. सून अडली आहे. रंजीता."

बाबुलालने काही न विचारता जीप काढली. नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. काठावर त्याने पुढच्या चाकांचा दांडा ओढला. आत खट् असा आवाज झाला. हे जुनं गिअर, कोणी किती वर्षं डब्यात ठेवलेलं. मधोमध दगा दिला तर? सुकलू बाजूला बसून तंबाखू मळत होता, जसं काही झालंच नाही. पाणी पायदानावर आलं, मागची चाकं घसरली, पुढच्यांनी पकड घेतली आणि जीप ओढत वर निघाली.

परतीच्या खेपेला रंजीता मागे आडवी होती, सासू तिचं डोकं धरून बसलेली. दुपारच्या आत ते दवाखान्यात पोचले. रंजीताला आत नेलं तसा बाबुलाल जीपच्या टपाला टेकून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने सुकलू बाहेर आला. "पोरगी झाली," म्हणाला. "परवा घ्यायले येशील न भाऊ?"

"येतो," बाबुलाल म्हणाला.