अर्थिंगवरची लाइट

आमच्या मोरीतला नळ करंट मारायचा. लय नाही, बोटांना मुंग्या आल्यासारखं. बायको म्हणायची, "आवं, नळाला करंट हाय." मी म्हणायचो, "नळाला कशाचा? तुझ्या नसा कमजोर हायत." नुसतं म्हणून थांबलो असतो तरी एक होतं. मी तिला दवाखान्यात नेलं, शेजारी बसलो आणि ती तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, की हिच्या हातात झिणझिण्या येतात. डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या. त्या ती दोन वर्षं खात होती.

खरं कारण मला ठाऊक होतं. घर बांधल्यावर मागच्या खोलीतली लाइट सारखी मिणमिणायची, करंट परत नेणारा न्यूट्रल ढिला होता. तक्रारी देऊन देऊन चपला झिजल्या. शेवटी गल्लीत सगळे करायचे तेच मी केलं. त्या खोलीचा न्यूट्रल काढून टाकला आणि वायर थेट मोरीतून जाणाऱ्या बोरच्या लोखंडी पाइपाला बांधली. अर्थिंगवरची लाइट म्हणतात आमच्याकडं. लाइट फक्कड लागली! पण त्या खोलीत पंखा चालू झाला की करंट परत जाणार पाइपातून, आणि त्याच पाइपाला नळ. उन्हाळ्यात जमीन वाळली की जास्तच जाणवायचं. पुढं मोरीला टाइल बसल्या आणि तो जोड आत गाडला गेला. काढायचा तर टाइल फोडायची, फोडायची तर बायकोला काय सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. गोळ्या सुरू झाल्यावर तर सांगायला तोंडच राहिलं नाही.

मग एका मे महिन्यात जुन्या लाकडी बोर्डावरचा फ्यूज जळाला, फळी काळी पडली. मी गल्लीतल्या वायरमनला आणायला निघालो. तो बिचारा काही तपासत नाही, जाड तार टाकतो आणि चहा पिऊन जातो. पण बायकोनं आधीच लाइटीची कामं घेणाऱ्या लायसनवाल्या गुत्तेदाराला फोन केला होता. "ह्या खेपेला कायद्यानं करून घ्यायचं," म्हणाली. आता काय बोलणार, कप्पाळ!

गुत्तेदार पिंगळीहून आला. नवी पेटी बसवली, आणि तिच्यात करंट गळाला की आपोआप पडणारा एक स्विच. मग मेगर काढलं. वायरीतून करंट कुठं गळतो का, ते बघायचं यंत्र. काटा गेला शून्यावर.

"काका, कुठंतरी गळायलंय," तो म्हणाला. "नियमानं तपासणीच्या कागदावर सही केल्याबिगर मला लाइट सोडता येत न्हाई. उद्या काही झालं तर माझं लायसन जातंय. कुनी अर्थिंगवर लाइट घेतलीय का? गुन्हा हाय तो. ठाऊक असंल तर सांगा, माझा दिवस वाचंल."

"न्हाई बा," मी म्हणालो.

किती गाढव असावं माणसानं! सरकारी हापिसात जन्म घालवलेला मी, गुन्हा म्हणल्याबरोबर पेन्शन डोळ्यासमोर आली. पण खरी भीती तिचीच होती. दुपार झाली तरी लाइट नाही. कूलर बंद, घराची भट्टी झालेली. बायको डोक्यावर ओला टॉवेल टाकून भिंतीला टेकली होती, तोंड लालबुंद. मधूनच उठून त्या माणसाला चहा द्यायची. एक वाक्य बोललो असतो तर तिची सुटका झाली असती, आणि ते तोंडातून निघत नव्हतं. बाहेर जावं तर उन्हाचा कहर, आत बसावं तर तो एकेक वायर सोडवत मागच्या खोलीकडं सरकायलेला. मी नुसता उठबस करत होतो.

तीनच्या सुमाराला त्यानं मोरीतली टाइल फोडली. वायर निघाली.

"अरारारा! कुनी केलं हे?" तो ओरडला. "ह्या नळाला हात लावनारं मानूस जिवंत कसं राहिलं?"

"आधीच्या मालकानं," मी म्हणालो.

आधीचा मालक! हे घर आम्ही दोघांनी पायापासून बांधलं. ह्या भिंतींना बादलीनं पाणी मारलं ते तिनंच. ती दारात उभी होती, हातात चहाचा कप. तिनं वायरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. सगळं कळलं तिला.

"हां," ती गुत्तेदाराला म्हणाली, "आधीच्या मालकानंच केलं आसंल. लबाड मानूस होता. आमी लय दिवस वळखलंच न्हाई त्याला."

वायर निघाली, काटा वर चढला, कागदावर सही झाली. कूलर सुरू झाला.

ह्याला दोन वर्षं झाली. ती त्याच नळाखाली भांडी घासते, मला जेवायला हाक मारते, वाढते, आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नाही. मी रोज वाट बघतो. एकदा तरी कडाकडा भांडावं तिनं माझ्याशी.