काकांच्या भट्टीत काकूंची चकाकी

कुंभारकाकूंना मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा डझनभर ढेरपोटे गृहस्थ माझ्या स्वागताला एकदम पुढे आले. मी दचकून मागे सरलो, तर तेही सरले. ओळीनं मांडलेल्या, घोटून चकचकीत केलेल्या पण अजून न भाजलेल्या मडक्यांवर उमटलेला तो मीच होतो, आणि एकाही मडक्याला माझी दया आली नव्हती.

"भाऊ, दार उघडं धरून उभे राहू नका! आत या नाहीतर बाहेर जा. वाऱ्यानं माझं मडकं वाळतंय!"

मी आत गेलो आणि तिथलाच झालो. काकू मडक्याला गाल लावून ओल जोखायच्या. फार ओलं असलं तर माती घोटायच्या दगडाला चिकटते, फार वाळलं तर ओरखडे पडतात. मधली वेळ साधली की त्या नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन घोटायला बसत. अशा वेळी घराला आग लागली असती तरी "जरा थांब" म्हणाल्या असत्या.

"तेल नाही, रंग नाही, मग ही चकाकी येते कुठून?" मी विचारलं.

"दाबून बसवलं की माती गप्प बसते. यांच्यासारखी नाही."

'हे' म्हणजे भट्टी सांभाळणारे काका. त्यांच्या भट्टीतून तीच मडकी बाहेर यायची ती विटेसारखी निस्तेज.

"आणि जाते कुठे?"

"यांच्या जाळात!"

"अगं, जाळ कमी पडला तर माठ कच्चा राहतो," काका म्हणाले. "लोकांना पाणी भरायचंय, दाढी नाही करायची!"

"तुमच्याकडे बघितलं की वाटतं, दाढीचीही सोय हवी."

लग्न झाल्यापासून काकूंचा एकच ध्यास होता: आपल्या हातची चकाकी एकदा तरी भट्टीतून जिवंत बाहेर यावी. शेवटी त्यांनी घरासाठी एक मोठा माठ घोटला आणि काकांशी अबोला धरला. काकांनी हात टेकले. मंद जाळ केला. लाकूड सरकवायला हात शिवशिवले की ते पाठीमागे धरून अंगणात फेऱ्या मारत.

माठ निघाला तो तुकतुकीत! काका वाकून त्यात बघतच राहिले.

"मी एवढा म्हातारा झालो? आणि तू बोलली नाहीस?"

"रोज बोलतेय. ऐकलंत कधी?"

संध्याकाळी काकूंनी माठ काठोकाठ भरला. सकाळी तो अर्धा होता आणि उरलेलं पाणी जमिनीवर. काका फडकं आणून पुसत बसले.

माठ अजून स्वयंपाकघरात आहे. त्यात कांदे ठेवतात.