दीपप्रज्वलन आणि ओलं गोणपाट

आमच्या गिरगावातल्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले निम्मे समईचे! मी तिथला हौशी निवेदक. इमारत लाकडी, जिना लाकडी, कपाटं लाकडी आणि आत जुना कागद. अशा जागी दर वर्धापनदिनाला आम्ही हौसेनं आग पेटवतो. मला दोन दिवस आधीपासून त्याचीच धास्ती.

*

'दीपप्रज्वलन' हा माझा लाडका शब्द. एकदा पाहुण्यांनी स्टेजवरच विचारलं, "म्हणजे नेमकं काय हो?"

पहिल्या रांगेतून आमच्या दामलेबाई, निवृत्त संस्कृत शिक्षिका, म्हणाल्या, "ज्वल् म्हणजे जळणं. ज्वाला त्यातलीच. पुढे 'प्र' लावला की जोरात जळणं. भडकणं!"

पाहुण्यांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली. "तुम्हीच करा!"

*

माझ्याइतकाच घाबरट आमचा ग्रंथपाल फर्नांडिस, शेजारच्याच वाडीतला. तो समईमागे ओलं गोणपाट घेऊन उभा राहतो. एका पाहुण्यांना वाटलं, सत्काराची शाल! त्यांनी हसत मान पुढे केली.

फर्नांडिस कुजबुजला, "साहेब, अजून पेटला नाहीत तुम्ही!"

*

ज्योत विझली तर अपशकुन, म्हणून पंखे बंद. एकदा भर मे महिन्यात आमच्या अध्यक्षांना घेरी आली. सगळे ओरडले, "अरे, फॅन लावा!" फर्नांडिस स्विचबोर्डासमोर हात पसरून उभा. त्याला दिसत होते ते वाऱ्यानं ज्योतीवर येणारे समईमागचे पडदे.

"आधी दिवा विझवा, मग माणूस वाचवा!"

*

गेल्या वर्षी मान दामलेबाईंचा. वय ब्याऐंशी. मी ऐटीत म्हणालो, "बाईंच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन!"

पलीकडची वात लावायला बाई वाकल्या आणि त्यांचा पदर अलीकडच्या वातीवर गेला.

पदर पेटला. मी माइक धरून नुसता उभा. ओरडताही येईना. फर्नांडिसनं गोणपाटासकट बाईंना मिठीच मारली. दोन सेकंदांत विझलं. पदराला वीतभर भोक, दंडावर लाल चट्टा. त्या धांदलीत समईही विझली. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

बाई खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग उठल्या आणि उरलेला पदर कमरेला खोचला.

"फर्नांडिस, काडी ओढून दे रे. मला ओढवत नाहीये." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गप्प का? अनाउन्स कर की!"

मी माइक तोंडाशी नेला.

"बाई... बाई दिवा लावतायत," मी म्हणालो.