जाऊबाईंचे हात आणि तापलेले इलेक्ट्रॉन

जावाजावांचं पटत नाही म्हणतात. म्हणोत बापडे. माझी मोठी जाऊ आणि मी नऊ वर्षं एकाच स्वयंपाकघरात आणि एकाच संस्थेत काढली, आणि भांडलो ते फक्त खिडकी उघडी ठेवण्यावरून. मी वरच्या ऑफिसात टायपिंग करते. जाऊबाई खाली प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून नखाएवढ्या चिपला केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडतात. बावीस वर्षं त्यांचं हेच काम.

चिपमध्ये काय चालतं ते त्यांनीच मला भाजी निवडता निवडता सांगितलं. आत इलेक्ट्रॉनांसाठी एक बोळ असतो, अगदी अरुंद, जेमतेम एकच रांग जाईल असा. तो हळूहळू रुंद करत नेला तर प्रवाहही हळूहळू वाढायला हवा ना? छे! तो बराच वेळ आहे तिथेच राहतो आणि मग एकदम एक पायरी चढतो. पुन्हा थांबतो, पुन्हा चढतो. पण हे दिसायला भयंकर थंडी लागते. इलेक्ट्रॉन जरा तापले की पायऱ्या पुसल्या जातात आणि नुसता चढ उरतो.

तापवतं कोण, तर बाहेरून शीतयंत्रात चिपपर्यंत जाणाऱ्या तारा. हवेतल्या रेडिओच्या, मोबाइलच्या लहरी त्या उचलतात आणि थेट आत नेऊन सोडतात. म्हणून जाऊबाईंनी दोन वर्षं खपून चोवीस नळ्या बनवल्या, प्रत्येकीत तांब्याची पूड ठासली आणि तिच्यातून एकेक तार फिरवली. लहरी त्या पुडीतच जिरायच्या. नळ्या दिसायला भंगार होत्या, हे मीही कबूल करते.

पाहणी समिती येणार म्हणून नव्या विभागप्रमुखांनी आवराआवर काढली. जाऊबाई चार दिवस रजेवर होत्या, तेवढ्यात नळ्या भांडारात गेल्या. त्यानंतर पायऱ्या दिसेनात. थर्मामीटर बघावं तर थंडी जशीच्या तशी. मग साहेबांनी शोध लावला की तारा जोडणाऱ्या बाईंचे हात थरथरतात, वय झालं, त्यांना भांडारात बसवा. हा अहवाल टाइप करायला आला माझ्याकडे! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळायचा मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याखाली जाऊबाईंची सही हवी होती. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि साहेबांना म्हणाल्या, "थर्मामीटर गार आहे, इलेक्ट्रॉन गार नाहीत. नळ्या लावू द्या, अर्ध्या तासात दाखवते."

साहेब हसले. समितीपुढे भंगार मांडायचं नाही, म्हणाले. जाऊबाईंनी सही केली नाही.

समिती आली त्या दिवशी टिपणं घ्यायला मी प्रयोगशाळेत होते. पडद्यावर तो नुसता चढ दिसत होता आणि साहेब काहीबाही समजावत होते. जाऊबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या भांडारातून नळ्यांची पेटी घेऊन सरळ आत आल्या, पाहुण्यांना म्हणाल्या की माझे हात थरथरतात असं लिहिलंय, तेव्हा बघून घ्या, आणि यंत्राच्या चोवीस तारा एकामागून एक नळ्यांतून जोडल्या. साहेबांचा चेहरा पडला, पण पाहुण्यांसमोर ओरडणार कसे?

पडद्यावरची रेघ सपाट गेली, चढली, पुन्हा सपाट गेली. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. टाळी पहिली कुणी वाजवली म्हणता? साहेबांनी. आमच्या विभागाचं काम, म्हणाले.

पाहुणे गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, तो अहवाल फाडा, झालं गेलं विसरून जाऊ. जाऊबाई तिथेच उभ्या होत्या.

"फाडायचा नाही," त्या म्हणाल्या. "त्याला दुसरा जोडायचा. नळ्या कुणी काढल्या, कधी काढल्या, सगळं लिहायचं."

"माझं नाव खराब होईल, बाई."

"माझे हात खराब लिहिताना तुम्हाला काही वाटलं होतं का?"

साहेब मग माझ्याकडे वळले. त्यांच्या सहीशिवाय इथून कागद जात नाही, हे त्यांनी मला ऐकवलं. खरं होतं ते, नऊ वर्षांत विभागप्रमुखाच्या सहीशिवाय मी एकही पाठवला नव्हता. मी नवा कागद घेतला. जाऊबाई सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. त्यांनी सही केली. खाली मी माझी ठोकली, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत कागद उचलून संचालकांकडे नेऊन दिला.