दुहेरी चौकट

"जरा उभी राहा गं," साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. ट्रेनिंग हॉल नव्या इंजिनियरांनी भरलेला. भिंतीवर मीच काढलेला तक्ता. साहेबांनी छडी तक्त्यावरच्या एका दुहेरी चौकटीवर टेकवली. मग तीच छडी माझ्याकडे वळवली.

"देखिए, वीक एंटिटी. जीती-जागती. अपने दम पर इसकी कोई पहचान नहीं."

हॉल हसला. मीसुद्धा हसले. न हसून कुठं जाणार होते?

नववीत शाळा सुटली. वर्ध्याकडच्या गावातून मावशीकडे भोपाळला आले. मावशी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये साहेबांच्या क्वार्टरवर धुणंभांडी करायची; साहेबही मराठीच. माझा हात रेखीव. मावशीनं बाईसाहेबांच्या कानावर घातलं आणि साहेबांनी मला ठेकेदारामार्फत कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लावलं. ट्रेसर म्हणून, ड्रॉइंगं गिरवून पक्की करायला. उपकारच झाले. ते मी विसरले नाही, कोणी विसरूही दिलं नाही. "हमारी बाई की भांजी है, मैंने लगवाया," साहेब येईल त्याला सांगायचे. मी मान खाली घालून स्टेन्सिल पुसत बसायची. काही चुकलं तर काढून टाकतील, ही धास्ती कायम.

आधी यंत्रांची ड्रॉइंगं होती. मग कॉम्प्युटर आले. कारखान्यातल्या सगळ्या माणसांची नोंद त्यात जायची होती, आणि त्याआधी कागदावर तिची आकृती. प्रत्येक गोष्टीला एक चौकट. कर्मचारी. विभाग. क्वार्टर. दोन चौकटींमधलं नातं शंकरपाळ्याच्या आकारात लिहायचं. ज्या नंबरावरून ओळख पटते त्याच्याखाली रेघ मारायची. आणि ज्याला स्वतःचा नंबर नाही, दुसऱ्याच्या आधारानंच जो ओळखला जातो, ती वीक एंटिटी, तिला दुहेरी चौकट. कर्मचाऱ्याची मुलं दुहेरी चौकटीत होती, बापाच्या नंबरावर. ते समजलं. त्यांच्या बाजूला ठेका मजूर. तोही दुहेरी. ठेकेदाराचा नंबर, त्यापुढे अनुक्रम.

मीच काढलं होतं ते. रेघा सरळ आल्या म्हणून खूशही होते. आपण काय काढतोय ते त्या हॉलमध्ये कळलं.

तक्ता गुंडाळून साहेबांच्या मागे गेले.

"साहेब, ठेकेदार बदलला तर?"

"त्याच्याबरोबर त्याची माणसं पुसली जातात. नवा येतो, नव्यानं भरतात."

"मग माझी आधीची वर्षं?"

"अगं, तू रेघा काढ. अर्थ आम्ही काढू."

ठेकेदार मागेही बदलले होते. माझं टेबल तेच, खुर्ची तीच, दिवा तोच. फक्त दरवेळी नवा गेटपास. कायम नोकरीसाठी विचारायला गेले तेव्हा बाबू म्हणाला होता, "तुम तो अभी-अभी आई हो." मला वाटलं, बाबूचा गोंधळ आहे. गोंधळ कसला! आकृती बरोबर होती. साहेबांनी जे होतं तेच काढायला लावलं होतं. तेच तर सहन होईना.

हेड ऑफिसला पाठवायची पक्की प्रत माझ्याकडेच आली. सगळं काढलं. ठेका मजुराची चौकट एकेरी काढली. आत लिहिलं, नंबर. त्याखाली रेघ मारली. रेघ वाकडी आली नाही.

साहेबांनी पाहिलं. "दुसरी रेघ राहिली."

"राहिली नाही. मी काढली नाही."

"नियम मी केलाय का?"

"नाही. पण काढायला मला सांगताय."

शेजारचे तिवारीजी, जुने कायम ड्राफ्ट्समन, हळूच म्हणाले, "बना दे बिटिया. एक लाइन ही तो है."

साहेब जवळ आले. आवाज एकदम घरातला, गोड. "मावशीला काय सांगू तुझ्या?"

मावशीचं काम, तिच्या घरातला माझा कोपरा, सगळं त्या एका वाक्यात होतं.

"मावशीला मी सांगेन," म्हणाले. पेन टेबलावर ठेवलं.

तिवारीजींनी माझ्यादेखत ती रेघ काढली. किती वेळ लागतो एका रेघेला!

पुढचा ठेकेदार आला. त्याच्या माणसांत मी नव्हते. गेटवर पास काढून घेतला. मावशीचंही काम सुटलं. मग एका सकाळी चहा गाळताना म्हणाली, "कामाचं घर काय, दुसरं धरीन. पण मला विचारायचं होतंस." खरं होतं तिचं.

आता शिफ्ट सुटते तेव्हा मी गेटबाहेर उभी असते. कँटीनवाले, झाडूवाल्या, लोडिंगची माणसं, सगळी ठेक्यावरची. थांबवते, त्या दुहेरी चौकटीचं सांगते. एक जण म्हणाला, "दीदी, तुम तो बाहर हो गईं. अब तुम्हें क्या?"

बाहेर झाले म्हणूनच. आता मला भीती घालायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. यांना अजून आहे. म्हणून सुरुवात मी करायची. आम्हाला कारखान्याचा नंबर पाहिजे. ज्याचा त्याला, स्वतःचा. मेहरबानी म्हणून दिला तर घेणार नाही. हक्क म्हणून दिल्याशिवाय या गेटवरून हलणार नाही.